जुनी स्पोर्ट्‌स कार पुन्हा उभी करताना: एमजीबीच्या निमित्ताने नवख्यांसाठी मार्गदर्शन

जुनी स्पोर्ट्‌स कार हौसेने घ्यायची, उत्साहाच्या भरात ती पंधरा दिवसांत पूर्ण सुटी करायची आणि पुढची कित्येक वर्षे ती खोक्यांमध्ये भरून ठेवायची, ही या छंदातील नेहमीची गोष्ट आहे. अशा वेळी कौशल्य कमी पडलेले असतेच असे नाही; बहुधा कामांचा क्रम चुकलेला असतो. या लेखात तो क्रम एमजीबी या एकाच गाडीच्या आधाराने मांडला आहे. इंग्लंडमधील अ‍ॅबिंग्डनच्या कारखान्यात १९६२ ते १९८० या काळात ही गाडी तयार होत होती आणि पाच लाखांहून अधिक एमजीबी तेथून बाहेर पडल्या. त्यामुळे तिचे सुटे भाग आजही मिळतात; इतकेच नव्हे, तर १९८८पासून तिची संपूर्ण नवी बॉडीही जुन्या साच्यांवर घडवून मिळू लागली. तिची यंत्ररचना साधी आहे आणि इंजिनभोवती हात फिरवायला भरपूर जागा आहे, म्हणून शिकण्यासाठी याहून सोयीची गाडी सापडणे अवघड आहे.

सुरुवातीलाच एक भेद मनाशी पक्का करावा. गाडीवरील काही कामे उलटी फिरवता येतात, तर काही येत नाहीत. बदललेला कार्ब्युरेटर पुन्हा काढता येतो, पण कापलेला पत्रा, खरवडलेला मूळ रंग आणि पुसलेला क्रमांक परत आणता येत नाही. पुढील प्रत्येक पायरीवर हाच भेद उपयोगी पडेल.

गाडी कशासाठी हवी, ते आधी ठरवणे

पान्याला हात लावण्यापूर्वी तीन वाटांपैकी कोणती धरायची ते लिहून काढावे. आहे ती गाडी जपून फक्त चालती ठेवणे ही पहिली, ती कारखान्यातून निघाली त्या स्थितीत पुन्हा आणणे ही दुसरी आणि आपल्या वापरासाठी तिच्यात फेरबदल करणे ही तिसरी वाट. ऐतिहासिक वाहनांची आंतरराष्ट्रीय संघटना असलेल्या फीवाच्या व्याख्येनुसार वाहन किमान ३० वर्षांचे, इतिहासाला धरून जतन केलेले आणि रोजच्या प्रवासासाठी न वापरले जाणारे असावे लागते. याच संघटनेच्या ट्युरिन सनदेत जतनाला पहिला मान दिला आहे. मलाही तेच योग्य वाटते. मूळ रंग फिकट झालेला पण शाबूत असेल, आसनांचे चामडे सुरकुतलेले पण न फाटलेले असेल, तर ती गाडी ‘नवी’ करण्याचा मोह आवरावा, कारण गाडीला एकदाच मूळपण असते.

वाट ठरल्यावर गाडीची ओळख तपासावी. एमजीबीच्या क्रमांकाची सुरुवातीची अक्षरे पुष्कळ काही सांगतात. ‘जीएचएन ३’ मधील ‘जी’ म्हणजे एमजी हे गाडीचे घराणे, ‘एच’ म्हणजे इंजिनाच्या क्षमतेचा गट आणि ‘एन’ म्हणजे दोन आसनांची उघडी गाडी. ‘एन’च्या जागी ‘डी’ असेल, तर ती १९६५मध्ये आलेली बंद टपाची जीटी होय. १७९८ सीसीच्या इंजिनातही भेद आहेत. आरंभीच्या इंजिनांत क्रँकला, म्हणजे पिस्टनच्या जोरावर फिरणाऱ्या दांड्याला, तीन मुख्य बेअरिंग होती, ती १९६४च्या अखेरीपासून पाच झाली. इंजिनाचा क्रमांक ‘१८जीबी’ने सुरू होत असेल, तर ते पाच बेअरिंगचे आहे. कारखान्याच्या मूळ नोंदींवर आधारित प्रमाणपत्र ब्रिटिश मोटर म्युझियमकडून मिळते आणि त्यात तयार झाल्याची तारीख, मूळ रंग व बसवलेले जादा सामान यांची माहिती असते. रंग निवडण्यापूर्वी ते मागवून घ्यावे.

गंज शोधणे

एमजीबीला वेगळी चासी, म्हणजे बॉडीखालचा स्वतंत्र सांगाडा, नाही. पत्र्याची बॉडी हीच तिची चासी आहे आणि उघड्या गाडीला टपाचा आधार नसल्याने दारांखालच्या दोन्ही बाजूंच्या पेटीसारख्या तुळयांवर, म्हणजे सिलवर, सगळा भार येतो. हा सिल बाहेरचा पत्रा, आतला पत्रा, दोघांच्या मधला उभा पडदा आणि खालची दातेरी कॅसल रेल असा मिळून बनतो. बाहेरून दिसतो तो फक्त पहिला पत्रा, आणि नेमके त्यावरच नवा रंग मारून गाड्या विकल्या जातात.

तपासणीची रीत अशी. दार बंद करून त्याच्या मागच्या कडेची फट वरपासून खालपर्यंत नीट पाहावी. नंतर गाडीची ती बाजू जॅकने हळूहळू उचलावी आणि त्याच वेळी फटीवर लक्ष ठेवावे. फट वरच्या बाजूला आवळत गेली किंवा दार उघडताना अडकू लागले, तर बॉडी मधोमध वाकत आहे आणि सिल आतून गेलेले आहेत, असे समजावे. या वेळी गाडीखाली शरीराचा कोणताही भाग नसावा. जॅक लावण्याची जागाच कुजलेली असते, असाही अनुभव येतो.

याखेरीज पुढच्या चाकांमागे मडगार्डच्या आत चिखल साचून राहतो ती जागा, मागच्या स्प्रिंगांचे टेकू, आसनांमागील बॅटरीच्या पेट्या आणि समोरच्या काचेचा तळ पाहावा. दाराच्या छोट्या तिकोनी काचेच्या पायथ्याशी पत्र्याला पडणारी उभी चीर हे या गाडीचे जुने दुखणे आहे; तिला घाबरण्याचे कारण नाही. पुट्टी कोठे भरली आहे, हे फडक्यात गुंडाळलेल्या लहान लोहचुंबकाने कळते. जेथे तो चिकटत नाही, तेथे रंगाखाली पत्रा नाही किंवा खूप खोल आहे.

चालत असेल तर आधी चालवून पाहणे

गाडी सुरू होत असेल, तर ती सुटी करण्यापूर्वी तिच्याकडून जेवढे कळेल तेवढे कळून घ्यावे. अनेक वर्षे उभी असलेली गाडी मात्र थेट स्टार्टर मारून सुरू करू नये. जुने पेट्रोल काढावे, प्लग काढून प्रत्येक सिलिंडरमध्ये थोडे तेल सोडावे आणि एक दिवस थांबून इंजिन हाताने फिरवून पाहावे. ते मोकळे फिरत असेल, तर प्लग न लावताच स्टार्टरने फिरवून ऑइल प्रेशरचा काटा हलतो का ते पाहावे आणि त्यानंतरच ठिणगी द्यावी.

गरम इंजिनाचे ऑइल प्रेशर चालत्या गाडीत ५० ते ८० पीएसआय (पौंड प्रति चौरस इंच) आणि जागेवर १० ते २५ पीएसआय असावे. चारही सिलिंडरांचे कॉम्प्रेशन, म्हणजे पिस्टन आतली हवा किती दाबतो ते, मोजावे. एकूण आकड्यापेक्षा चौघांतील तफावत महत्त्वाची असते. एखादे कमी निघाले, तर त्यात चमचाभर तेल टाकून पुन्हा मोजावे. आकडा वाढला तर दोष रिंगांचा, न वाढला तर बहुधा व्हॉल्व्हचा किंवा हेड गॅस्केटचा असतो. तारांची चाके असतील, तर ब्रेक दाबून ठेवून दुसऱ्या माणसाकडून चाक मागेपुढे हलवून घ्यावे. चाक आणि हब यांच्यामध्ये ‘टक’ असा आवाज आला, तर आतले दाते झिजलेले आहेत. हे सर्व वहीत टिपून ठेवावे. इंजिन टेबलावर सुटे पडले की हे काहीच मोजता येत नाही.

सुटे करणे

या टप्प्यावर घाई सर्वांत महाग पडते. मी पहिल्या गाडीचे सगळे नट-बोल्ट एका पत्र्याच्या डब्यात टाकले होते आणि रंगकाम होऊन गाडी परत आली, तेव्हा सातशे-आठशे तुकड्यांच्या त्या ढिगाऱ्यापुढे मी दोन रविवार नुसता बसून काढले. तेव्हापासून एका जोडणीचे बोल्ट एका पिशवीत, पिशवीवर जागेचे नाव आणि शक्य तेथे बोल्ट काढलेल्या भोकातच सैल लावून ठेवणे, हा नियम मी मोडलेला नाही. प्रत्येक भाग काढण्यापूर्वी एक लांबून आणि एक जवळून असे दोन फोटो घ्यावेत. वॉशरचा क्रम, पाइपची वळणे आणि वायर कोणत्या बाजूने गेली आहे, हे सहा महिन्यांनी कोणालाही आठवत नाही.

या गाडीवरील बहुतेक आटे इंची मापाचे आहेत, म्हणून पानेही इंची घ्यावेत. अर्धा इंच म्हणजे १२.७ मिलिमीटर. त्यावर १३चा पाना बसतो खरा, पण उरलेल्या ०.३ मिलिमीटरच्या ढिलेपणाने गंजलेल्या बोल्टची सहाही टोके गोल होतात आणि मग छिन्नी घ्यावी लागते. गंज सोडवणारे तेल आदल्या दिवशी टाकावे. तेवढ्यानेही बोल्ट हलला नाही, तर नटाला उष्णता द्यावी; मात्र पेट्रोलची टाकी, पाइप किंवा ब्रेकचे तेल जवळपास असताना आग पेटवू नये.

सुरक्षेच्या बाबतीत तडजोड करू नये. गाडी केवळ जॅकवर असताना तिच्याखाली जाऊ नये. पक्क्या जमिनीवर स्टँड लावून, गाडी हलवून पाहून मगच शिरावे. जुन्या ब्रेक लायनिंगमध्ये आणि गॅस्केटमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असू शकते, त्यामुळे ती धूळ हवेच्या झोताने उडवू नये, ओल्या फडक्याने पुसून पिशवीत बंद करावी. रिकामी दिसणारी पेट्रोलची टाकी भरलेल्या टाकीपेक्षा अधिक धोक्याची असते, कारण तिच्यात वाफा असतात. तिला वेल्डिंग स्वतः करू नये.

पत्राकाम आणि रंग

सिल बदलणे हे एमजीबीवरील सर्वांत मोठे काम आहे आणि न उलटणाऱ्या कामांत त्याचा पहिला क्रमांक लागतो. जुना सिल कापला की गाडीच्या मध्यभागाला काहीच आधार राहत नाही, म्हणून कापण्यापूर्वी दाराच्या चौकटीत बिजागरीच्या खांबापासून कुलपाच्या खांबापर्यंत लोखंडी नळ्यांचे आडवे-तिरपे टेकू वेल्डिंग करून घ्यावेत. एकाच वेळी दोन्ही बाजू उघडू नयेत. नवा सिल आधी क्लँपने धरावा, टेकू अडत असतील तर तात्पुरते बोल्टचे करावेत, दार लावून फट तपासावी, चार ठिकाणी टाके मारावेत, पुन्हा दार लावावे आणि फट वरपासून खालपर्यंत चार-पाच मिलिमीटर सारखी दिसली, तरच पूर्ण वेल्डिंग करावे. एका कारागिराने माझ्या गाडीचे दार आडवे येते म्हणून ते काढून ठेवून सगळे वेल्डिंग उरकले आणि शेवटी दार लावले, तेव्हा ते मागच्या खांबावर बोटभर चढले. तो सिल पुन्हा कापावा लागला.

बाहेरच्या सिलची टोके पुढच्या मडगार्डमागे आणि मागच्या पॅनेलखाली जातात. पुढचे मडगार्ड बोल्टने जोडलेले असल्याने ते काढता येते, पण मागे पॅनेलची खालची पट्टी कापून नंतर नवी लावावी लागते. जुन्या सिलवरच नवा पत्रा चढवून देण्याची सूचना कोणी केली, तर ती नाकारावी, कारण आतला गंज पुढे चालूच राहतो आणि पुढच्या वेळी दुप्पट पत्रा कापावा लागतो. वेल्डिंगचा अनुभव नसेल, तर हे काम जाणकाराकडे सोपवून आपण मोजमापे आणि फटी तपासत राहणे अधिक शहाणपणाचे ठरते.

रंगाबद्दल थोडक्यात सांगतो. पत्रा उघडा पडल्यावर त्याच दिवशी इपॉक्सी प्रायमर लावावा, पुट्टी त्यावर आणि पातळ थरात भरावी. हार्डनर मिसळावे लागणाऱ्या टू-पॅक रंगांत आयसोसायनेट हे श्वासाला घातक रसायन असते. साधा मास्क त्यापुढे निरुपयोगी ठरतो, बाहेरून शुद्ध हवा पुरवणारा मास्क लागतो. म्हणून शेवटचा रंग बूथ असलेल्या ठिकाणीच करून घ्यावा. रंग पूर्ण वाळल्यावर सिल आणि इतर पोकळ जागांत पातळ मेण फवारावे. दिसणाऱ्या रंगापेक्षा हे न दिसणारे मेणच गाडीला अधिक वर्षे टिकवते.

यंत्र, वायरिंग आणि पहिली चाल

इंजिन उघडलेच असेल, तर टायमिंग चेन, सर्व सील आणि मुख्य बेअरिंगचे शेल बदलावेत. शिशाविरहित पेट्रोलसाठी एक्झॉस्टच्या बाजूला कठीण धातूच्या व्हॉल्व्ह सीट बसवाव्यात. इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलमुळे जुने रबर फुगते व तडकते, त्यामुळे पेट्रोलचे सर्व रबरी पाइप त्याला तोंड देणारे निवडावेत. हेडचे नट ठरलेल्या क्रमाने, दोन-तीन फेऱ्यांत, ४५ ते ५० फूट-पौंडांपर्यंत आवळावेत. ब्रेकच्या बाबतीत जुने काही वाचवू नये. सिलिंडरांचे सील आणि लवचिक पाइप नवे घालावेत. आणि ब्रेकचे डॉट ४ तेल रंगावर सांडले, तर ते पुसत न बसता भरपूर पाण्याने लगेच धुवावे.

वायरिंगची भीती अनाठायी आहे. गाडीचे विद्युत भाग बनवणाऱ्या लुकास कंपनीच्या वायरींना रंगांची भाषा आहे. तपकिरी वायर थेट बॅटरीकडून येते आणि तिला फ्यूज नसतो, पांढरी किल्ली फिरवल्यावर जिवंत होते, हिरवी त्याच प्रवाहाची पण फ्यूजनंतरची, जांभळी फ्यूजसह सतत चालू, निळी मुख्य दिव्यांची, लाल मागच्या व बाजूच्या दिव्यांची आणि काळी अर्थची, म्हणजे बॉडीला जोडलेली, असते. एवढे पाठ झाले की निम्मे दोष हातातल्या टेस्टरने सापडतात आणि उरलेल्यांपैकी बरेचसे गंजलेल्या अर्थचे निघतात. १९६७पर्यंतच्या गाड्यांत मात्र बॅटरीचे धन टोक बॉडीला जोडलेले असते. हे न पाहता बॅटरी लावली किंवा नव्या पद्धतीचा रेडिओ जोडला, तर तो क्षणात जळतो.

एसयू बनावटीचे दोन कार्ब्युरेटर जुळवण्यापूर्वी व्हॉल्व्हची फट, पॉइंट्सची (ठिणगीसाठी उघडमीट करणाऱ्या संपर्कांची) ०.३५ ते ०.४० मिलिमीटरची फट आणि ठिणगीचे टायमिंग याच क्रमाने लावावे, कारण ठिणगीचा दोष कार्ब्युरेटरमध्ये शोधणे ही नवख्याची सर्वांत सामान्य चूक आहे. नंतर एअर फिल्टर काढून, रबरी नळीचे एक टोक कानाशी व दुसरे कार्ब्युरेटरच्या तोंडाशी धरून दोन्हींचा फुत्कार सारखा करावा. मिश्रणाची परीक्षा खालच्या पिनने होते. तिने कार्ब्युरेटरमधला पिस्टन जेमतेम एक मिलिमीटर उचलला असता इंजिनाचा वेग वाढून तसाच राहिला, तर पेट्रोल जास्त आहे. इंजिन अडखळून मंदावले, तर कमी आहे. आणि वेग क्षणभर किंचित वाढून पूर्ववत झाला, तर मिश्रण बरोबर आहे.

टायरची जाडी पाहून फसू नये. बाजूवरील चार अंकी आकडा आठवडा आणि वर्ष सांगतो. ‘२३०९’ म्हणजे २००९चा तेविसावा आठवडा. असा टायर नक्षी शाबूत असली तरी रस्त्यावर नेऊ नये. पहिल्या ८०० किलोमीटरनंतर हेडचे नट पुन्हा आवळावेत, व्हॉल्व्हची फट पाहावी आणि तेल बदलावे. त्यानंतर दर ५,००० किलोमीटरला ग्रीस गनने किंग पिनमध्ये, म्हणजे पुढची चाके ज्यांवर वळतात त्या खिळींमध्ये, ग्रीस भरायला विसरू नये. सांध्यांत ताजे ग्रीस बाहेर डोकावेपर्यंत भरावे.

प्रदर्शनात मांडणे

प्रदर्शनाचे दोन प्रकार मुळातच वेगळे आहेत. पहिल्यात गाड्या हिरवळीवर उभ्या करून गप्पा मारतात, तेथे स्वच्छ गाडी पुरे. दुसरा प्रकार कॉन्कूरचा, ज्यात परीक्षक गुण देतात. कॅलिफोर्नियातील पेबल बीचचा १९५०पासून भरणारा कॉन्कूर हे त्याचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण. नवख्याने आधी आपल्या गाडीच्या क्लबच्या मेळाव्यात भाग घ्यावा आणि नियमावली गाडी उभी करताना नव्हे, तर सुटी करतानाच वाचावी. होज क्लिपचा प्रकार, बोल्टवरील मुलामा, बॅटरीचा आकार, वायरीवरील वेष्टण अशा गोष्टींवर गुण जातात आणि त्या नंतर बदलणे कंटाळवाणे असते.

कारखान्यापेक्षा सरस फिनिश हाही काही ठिकाणी दोष मानतात. कारखान्यात इंजिनाच्या जागेतील रंग आरशासारखा चमकत नसे, म्हणून तेथे थरांवर थर चढवून पॉलिश केलेली गाडी देखणी दिसते, पण खोटी वाटते. गाडीबरोबर एक फाइल ठेवावी. कारखान्याचे प्रमाणपत्र, कामाआधीचे फोटो, पावत्या आणि कोणता भाग मूळ व कोणता नवा याची यादी तीत असावी. परीक्षकाने विचारले असता नवा भाग मूळ म्हणून सांगू नये. त्यांना तो बहुधा आधीच ओळखू आलेला असतो. सकाळी आदल्या रात्रीच्या दवाने भिजलेली गाडी कोरडी करताना दारांच्या खालच्या कडा, बूटची नाली आणि स्टेपनीखालचा खड्डा विसरला जातो. परीक्षक प्रथम तेथेच वाकतात.

फेरबदल करणे

फेरबदलांचा क्रम थांबणे, वळणे आणि मग पळणे असा असावा. नवे ब्रेक पॅड, घट्ट बसलेले सस्पेन्शनचे बुश आणि चांगले टायर यांनीच गाडी बदलल्यासारखी वाटते. १९७४च्या अखेरीस अमेरिकी नियमांसाठी काळे रबरी बंपर आले, तेव्हा गाडी जमिनीपासून उंच करण्यात आली आणि ती वळणावर कलू लागली. अशा गाडीची उंची पूर्वीइतकी कमी करणे आणि पुढे कलणे रोखणारा अँटिरोल बार लावणे हा सर्वांत समाधान देणारा बदल आहे, आणि तो पूर्णपणे उलटवता येतो. पॉइंट्सऐवजी इलेक्ट्रॉनिक इग्निशन, काढता येणारा ऑइल फिल्टर आणि ओव्हरड्राइव्ह असलेला गिअरबॉक्स हेही त्याच जातीचे.

मोठ्या इंजिनाचा मोह झाल्यास एवढे ध्यानात घ्यावे की कारखान्याने स्वतःच १९७३ ते १९७६ मध्ये रोव्हरचे ३५२८ सीसीचे व्ही-८ इंजिन घातलेल्या २,५९१ जीटी तयार केल्या. ते इंजिन अ‍ॅल्युमिनियमचे असल्याने पुढच्या चाकांवरील भार फारसा वाढला नाही. पण त्यासोबत ब्रेक आणि मागचा अ‍ॅक्सलही बदलावा लागला. घरी हे काम करायचे असेल, तर इंजिनाइतकाच विचार या दोहोंचा करावा, आणि बदल नोंदणी कार्यालयाला व विमा कंपनीला आधी कळवावा. रेडिओसाठी डॅशबोर्ड कापणे, रुंद टायरसाठी मडगार्डच्या कडा छाटणे आणि स्पीकरसाठी दारांना भोके पाडणे मात्र टाळावे. एवढ्याशा सोयीसाठी गाडीचा तो भाग कायमचा जातो.

काढलेला प्रत्येक मूळ भाग तेल लावून, कागदात गुंडाळून, वर तारीख आणि तो कोठून काढला ते लिहून एका पेटीत ठेवावा. गाडी विकली, तर ती पेटी आणि फाइल चावीबरोबर पुढच्या मालकाच्या हाती द्यावी.